मेसला सुट्टी असते तेव्हा

दिवाळी तोंडावर आली की सदाशिव पेठेतल्या मेसच्या फळ्यांवर खडूने सूचना उमटतात. नरक चतुर्दशी ते भाऊबीज मेस बंद. काही ठिकाणी धनत्रयोदशीपासूनच. खाली एक ठरलेली ओळ : खाडे पुढच्या महिन्यात धरले जातील. एरवी या फळ्यावर भाजीचं नाव असतं, रविवारच्या फीस्टचा मेनू असतो आणि जाता जाता नजर टाकण्यापलीकडे त्याच्याकडे कुणी बघत नाही. या आठवड्यात मात्र जो तो थांबतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि मनातल्या मनात हिशेब करतो. चार दिवस म्हणजे आठ जेवणं.

‘सुट्टी’ हा या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा सुट्टीत माणसं कुठे जातात यापेक्षा ती जिथून जातात तिथे काय उरतं, ते लिहावं असं ठरवलं. पुणं हे शिकणाऱ्यांचं गाव. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८५ साली फर्ग्युसन, १९१६ साली आजचं स. प. महाविद्यालय, १९४९ साली विद्यापीठ अशी इथे शिक्षणसंस्थांची रांग लागली. तिच्या मागोमाग भाड्याच्या खोल्या, खाणावळी, ग्रंथालयं, जुन्या पुस्तकांची दुकानं, झेरॉक्सवाले असा मोठा संसार उभा राहिला. हा संसार बाहेरगावच्या पोरांवर चालतो. ती दिवाळीला निघून गेल्यावर गावात काय काय घडतं, ते कोण घडवतं आणि जी पोरं जात नाहीत त्यांना त्यात जागा मिळते का, हे पाहायला गेल्या वर्षी, २०२५च्या दिवाळीत, मी पेठांतून हिंडले.

वाकडेवाडीची गर्दी

पुण्यातून बाहेर पडायच्या वाटा ढोबळमानाने वाटलेल्या आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि कोकणाकडची पोरं स्वारगेटला जातात. नाशिक, खानदेश, मराठवाडा, विदर्भाकडची वाकडेवाडीला. शिवाजीनगरचा जुना स्टँड मेट्रोच्या कामामुळे इथे हलला, तेव्हापासून परभणी-नांदेड-जळगावच्या पोरांची दिवाळी याच पत्र्याखाली सुरू होते.

गेल्या वर्षी धनत्रयोदशी शनिवारी, १८ ऑक्टोबरला होती. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळपासूनच स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाकडे दोन बॅगा. एक पाठीवर, लॅपटॉपची. दुसरी हातात, धुवायच्या कपड्यांनी फुगलेली. ती घरी पोचली की आईच्या ताब्यात जाणार. कुणाच्या हातात बाकरवडीचा पुडा, कुणाच्या हातात धाकट्या भावासाठी घेतलेला घडीचा कंदील. तो चुरगळू नये म्हणून डोक्याच्या वर धरून मुलगा गाडीत शिरायला बघत होता. जादा गाड्या लागत होत्या आणि फलाटावर आल्या आल्या भरत होत्या. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत अजून जिवंत आहे.

एसटीच्या रांगेत मुली जास्त होत्या. मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलींच्या येण्याजाण्यावर त्याचा मोठा परिणाम झाला आहे. पूर्वी दिवाळी आणि उन्हाळा अशा दोनच खेपा घरी जाणारी मुलगी आता मध्येही जाऊन येते. मुलांना ही सवलत नाही, आणि एसटीत जागा मिळाली नाही तर पुढचा पर्याय खासगी ट्रॅव्हल्सचा. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं खासगी गाड्यांनी घेऊ नये असा सरकारचा २०१८चा नियम आहे. पण ऐन दिवाळीत नांदेड-नागपूरचं तिकीट विचारणाऱ्या मुलाला हा नियम ऐकवून काही उपयोग होत नाही. जाऊन-येऊन किती लागतील याचा आकडा तो महिन्याच्या मेसच्या पैशांशी ताडून बघतो, आणि काही जण तिथेच ठरवतात, की यंदा नको.

जे गाडीत चढत नाहीत

नवी पेठेतून जाणारा शास्त्री रस्ता, आणि त्याच्या अल्याड-पल्याड सदाशिव, नारायण, शनिवार पेठा. वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि इमारतींच्या एकेका मजल्यावर अभ्यासिका आल्या. दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या आडोशाची टेबलं, प्रत्येक टेबलाला एक दिवा, एक प्लग, समोर चिकटवलेला अभ्यासक्रमाचा कागद, दाराशी चपलांचा ढीग. राहायची खोली कॉट बेसिसवर, म्हणजे भाडं खोलीचं नाही तर एका कॉटचं. खोलीत फक्त झोपायचं, जागेपणी अभ्यासिकेत बसायचं, दोन वेळा मेसला जायचं. स्पर्धा परीक्षेचं आयुष्य या तीन जागांमध्ये चालतं.

या आयुष्याला दिवाळीची सुट्टी नसते, कारण त्याचं वेळापत्रक लोकसेवा आयोगाच्या हातात असतं. २०२५मध्ये तर ते फारच अडचणीचं झालं. राज्यसेवेची पूर्व परीक्षा २८ सप्टेंबरला होती. त्याच सुमाराला मराठवाडा आणि सोलापूर जिल्ह्यात पावसाने हाहाकार उडवला. परीक्षा पुढे ढकलली आणि नवी तारीख आली ९ नोव्हेंबर. भाऊबीज होती २३ ऑक्टोबरला. तिथून सतराव्या दिवशी पेपर. गावाला जायचं म्हणजे जाण्यायेण्यात दोन दिवस, घरी चार दिवस, आणि परत आल्यावर बैठक जमायला आणखी दोन दिवस. एवढे दिवस हातातून घालवायची अनेकांची तयारी नव्हती.

पण उरलेल्या सगळ्यांचं कारण परीक्षा हेच नव्हतं. सीना आणि आसपासच्या नद्यांच्या पुराने माढा, मोहोळ, परांडा, भूम या भागांत घरं आणि गोठे पाण्याखाली गेले, सोयाबीन शेतातच कुजलं, कित्येक ठिकाणी वरची माती वाहून जाऊन खालचा खडक उघडा पडला. या भागातल्या मुलांशी बोलताना कळलं, की कित्येकांना घरून फोन आला होता तो येऊ नको असं सांगणारा. इथे येऊन करणार काय, तिथेच बसून अभ्यास कर, असं वडिलांचं म्हणणं. काही जणांनी उलट केलं. ते पूर ओसरताच गावी गेले, घरातला गाळ उपसून आले आणि दिवाळीला पुन्हा जायला त्यांच्याकडे पैसे उरले नाहीत. ही मुलं याबद्दल फार बोलत नाहीत. मेस कधी सुरू होणार, एवढंच विचारतात.

यांच्याशिवाय परदेशातून आलेले विद्यार्थी असतात, ईशान्येकडच्या राज्यांतली मुलं असतात, कारखान्यात किंवा दवाखान्यात शिकाऊ म्हणून लागलेली आणि रजा न मिळालेली मुलं-मुली असतात. दिवाळीच्या हंगामात लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडदुकानांत, मिठाईच्या दुकानांत आणि घरपोच सेवेत तात्पुरती कामं निघतात, ती धरणारी मुलं असतात. हंगामाची ही कमाई पुढच्या सहामाहीच्या फीला लागते, म्हणून घरी न जाण्याचा निर्णय त्यांनी गणपतीतच घेतलेला असतो.

आठ जेवणं

मेस का बंद ठेवता, असं विचारणं सोपं आहे. उत्तर मेसच्या स्वयंपाकघरात उभं राहिलं की कळतं. एका मध्यम मेसमध्ये दोन्ही वेळेला मिळून शेकड्यांनी पोळ्या लागतात. त्या लाटणाऱ्या बायका दांडेकर पूल, जनता वसाहत अशा वस्त्यांमधून सकाळी येतात आणि रात्री जातात. त्यांच्या घरी अभ्यंगस्नान आहे, लक्ष्मीपूजन आहे, भाऊबीजेला यायचा भाऊ आहे. वर्षातले हे चार दिवस त्या मागून घेतात, आणि ते त्यांचे आहेतच. गिऱ्हाईक चौथाईवर आलेलं असताना गॅस पेटवणं मालकालाही परवडत नाही. म्हणजे दोष कुणाचाच नाही, आणि पोरं उपाशी राहतात हेही खरंच.

अगदी उपाशी नाही. सकाळी अमृततुल्य असतं, पोह्यांची गाडी असते. दुपारी एखादं हॉटेल उघडं सापडतं. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठा झपाट्याने मिटतात. दुकानदार पूजा मांडतात, फटाके उडवतात आणि शटर ओढतात. त्या दिवशी सातनंतर शास्त्री रस्त्याच्या आसपास जेवण शोधणं कठीण होतं. मॅगी, केळी, ब्रेड-जाम आणि घरून कुरिअरने आलेला चिवडा यांवर ती रात्र निघते.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गरीब विद्यार्थी इथे शिकायला यायचा, तो माधुकरीच्या भरवशावर. झोळी घेऊन ठरलेल्या घरांपुढे उभं राहायचं आणि मिळेल ते खाऊन वर्गात जायचं. वार लावणं ही त्याहून जरा बरी सोय. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या घरी. या पद्धतीने कित्येकांची शिक्षणं झाली, पण तिला जातीची चौकट होती. ज्याला त्या घरांची दारं उघडी नव्हती त्याला वारही नव्हता आणि माधुकरीही नव्हती. म्हणून खाजगी दयेच्या जागी संस्था येणं गरजेचं होतं, आणि त्या आल्या. १९०९मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. १९५५मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली आणि खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींसाठी वसतिगृहं उभी राहिली. ‘कमवा आणि शिका’ योजनेने श्रमाला दाम देऊन शिक्षणाचा खर्च भागवायची वाट रूढ केली. दुष्काळाच्या वर्षांत मराठवाड्यातल्या पोरांचे मेसचे पैसे भरायला लोक पुढे आले, तेही याच शहरात.

म्हणजे वर्षभराच्या जेवणाचा विचार पुण्याने पुष्कळ केला आहे. सुट्टीच्या चार दिवसांचा मात्र कुणी केलेला नाही, कारण विद्यार्थी सुट्टीत घरी जातो हे सगळ्यांनी गृहीत धरलं आहे.

या गृहीताला छेद देणारी एक सोय मला नारायण पेठेच्या एका बोळात दिसली. शेजारच्या दोन मेस चालवणाऱ्या बायकांनी आपसात दिवस वाटून घेतले होते. एकीने पहिले दोन दिवस बंद ठेवायचं, दुसरीने नंतरचे दोन. एकीचं कूपन दुसरीकडे चालेल. भाजी एकच, आमटी, भात आणि पोळीऐवजी पुऱ्या, कारण पुऱ्या लाटायला पोरं हात लावू शकतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी तिथे कट्ट्यावर बसून चार मुलं कणकेचे गोळे करत होती आणि पाचवा पुरणयंत्राच्या जाळीतून बटाटे काढत होता. मावशी सांगत होत्या आणि पोरं करत होती. त्या चार दिवसांत त्यांनी कुणाचाही खाडा धरला नाही.

पहाटेची खुर्ची

दिवाळी पहाट हा आता शहरी महाराष्ट्राचा ठरलेला कार्यक्रम झाला आहे. पुण्यात नाट्यगृहं, बागा, सोसायट्यांची मैदानं आणि चौक अशा सगळ्या जागांवर सूर्योदयाच्या आधी तंबोरे लागतात. श्रोत्यांपर्यंत हा कार्यक्रम अत्तर, गजरा आणि भूपाळीच्या रूपाने पोचतो. त्यामागचं काम मात्र आदल्या रात्री सुरू होतं. मांडववाला मध्यरात्री खुर्च्या उतरवतो. ध्वनिवाल्याची तपासणी दोनला. फुलांच्या माळा तीनला. प्रवेशिकांची वाटणी आठवडाभर आधी दुकानांतून झालेली असते आणि पहिल्या दोन रांगा पुरस्कर्त्यांसाठी राखलेल्या असतात. फराळाचे खोके मोजून ठेवायचे, ज्येष्ठांना हात देऊन जागेवर बसवायचं, वाहनं लावायला जागा दाखवायची, ही सगळी कामं ज्या स्वयंसेवकांवर पडतात त्यांच्यात शहरात उरलेले विद्यार्थी बरेच असतात. काहींना त्याचे पैसे मिळतात, काहींना टी-शर्ट आणि फराळाचा खोका. पण जवळपास सगळ्यांनी एक गोष्ट सांगितली, की त्या पहाटे काम असल्यामुळे घरची आठवण फार आली नाही.

सारसबागेत दिवाळीच्या पहाटे जमणारी गर्दी याहून निराळी. तळ्यातल्या गणपतीचं दर्शन, मग हिरवळीवर पणत्या आणि नव्या कपड्यांतले फोटो. इथे प्रवेशिका लागत नाही, ओळख लागत नाही, राखीव रांग नसते. म्हणून विद्यार्थी सगळ्यांत जास्त इथे दिसतात. ज्याच्याकडे अंगण नाही त्याची पणती इथे लागते. अभ्यासिकेतून थेट आलेल्या मुली एका पणतीभोवती बसून घरी व्हिडिओ कॉल लावतात आणि पलीकडून आजी विचारते, की बाई, उटणं लावलंस का?

उटण्यावरून आठवलं. २०२५ची दिवाळी महापालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर आली होती. २०२२पासून पालिकेत नगरसेवक नव्हते आणि जानेवारी २०२६मध्ये मतदान झालं. त्यामुळे त्या दिवाळीत इच्छुकांनी उटण्याची पाकिटं, पणत्या, आकाशकंदील घरोघर पोचवले, पहाटेचे कार्यक्रमही हात सैल सोडून केले. ही पाकिटं मतदार यादी बघून वाटली जातात. कॉट बेसिसवर राहणाऱ्याचं नाव त्या यादीत नसतं, त्याचं मत गावाकडे असतं. त्यामुळे एकाच जिन्यावरच्या एका दाराला पाकीट अडकवलेलं आणि दुसऱ्या दाराला काहीच नाही, असं चित्र मी बऱ्याच इमारतींत पाहिलं. शहराच्या उत्सवाची यादी कशी तयार होते, ते या दारांवरून कळतं.

आणि तरीही सुट्टी आणि विद्या यांची सांगड या गावाने फार आधी घातली होती. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवसांत भरते. शाळा-कॉलेजं बंद असताना लोकांनी एकत्र येऊन शहाण्या माणसांचं ऐकावं, हा त्यामागचा विचार. तिथे विद्यार्थी, कारकून आणि पेन्शनर एका सभागृहात बसतात, आणि आत जायला कुणाची शिफारस लागत नाही. सार्वजनिक कार्यक्रम कसा असावा, याचं माप मला आजही तेच वाटतं.

राजगडाच्या तीन माच्या

दिवाळीतलं सगळ्यांत सुंदर सामुदायिक काम लहान मुलं करतात : अंगणातला किल्ला. विटा, दगड, जुनी पोती आणि माती. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्याच्या बाजूला मावळे, तोफा आणि सिंहासनावरचे महाराज मांडून ठेवलेले असतात. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्यानंतरची ही पहिलीच दिवाळी, त्यामुळे यंदा कोणता गड करायचा यावर बोळाबोळांत चर्चा झडली होती.

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या अंगणात राजगड चालला होता. वाड्याच्या माडीवर सहा मुलं कॉट बेसिसवर राहतात, त्यातली दोन उरली होती. एक जण स्थापत्य अभियांत्रिकीचा, वेल्ह्याकडचा. गावावरून राजगड रोज दिसायचा म्हणाला. खालच्या पोरांनी बालेकिल्ला नेमका उंच केला होता, पण खाली सगळं सपाट. त्याने त्यांना तीन बाजूंना तीन माच्या काढायला लावल्या : पद्मावती, सुवेळा, संजीवनी. संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी आहे, आत एक भिंत आणि बाहेर दुसरी, ती त्याने ओल्या मातीत बोटाने रेघ ओढून दाखवली. मग दोन भिंतींच्या मधली चिंचोळी वाट मोकळी ठेवायला सुतळीचा तुकडा पुरला आणि माती दाबून झाल्यावर अलगद ओढून काढला. वाट तयार. पोरं गप्प होऊन बघत होती. चिखलाच्या राड्यात बुडवलेलं पोतं उतारावर पसरून त्याच्यावर अळीव आणि मोहरी भुरभुरली. तीन-चार दिवसांत कोंब येतात, म्हणून हे काम वसुबारसेला उरकायचं, म्हणजे पाडव्याला गड हिरवा होतो.

त्या मुलाची सहामाही परीक्षा आठवड्यावर होती. तरी तो रोज संध्याकाळी तासभर अंगणात येऊन बसला. बदल्यात पहिल्या अंघोळीच्या सकाळी त्याला आणि त्याच्या जोडीदाराला खालच्या काकूंकडून फराळाला हाक आली. वाड्यात दोन वर्षं राहून पहिल्यांदाच. काकूंना ती मुलं नावाने माहीत नव्हती. वरची मुलं, एवढीच त्यांची ओळख होती. किल्ल्यामुळे नाव कळलं आणि नाव कळल्यावर हाक मारता आली.

एखाद्याला सणात सामावून घ्यायचं तर त्याला पाहुणा म्हणून बोलवण्याआधी कामाला बोलवावं, हे मला या अंगणात दिसलं. नुसत्या आमंत्रणाने विद्यार्थी संकोचतात. काय घेऊन जायचं, कोणते कपडे घालायचे, किती वेळ बसायचं, असे शंभर प्रश्न. माती कालवायला, कंदील टांगायला, मांडव बांधायला बोलावलं की ते धावत येतात, आणि काम संपल्यावर ताट पुढे आलं की ते त्यांना दयेचं वाटत नाही.

भाऊबीजेची पावती

भाऊबीज हा खोलीत राहणाऱ्या मुलामुलींसाठी सगळ्यांत अवघड दिवस. गेल्या वर्षी काही अभ्यासिकांमध्ये मुलींनी त्यावर साधा तोडगा काढला. एक ताट, एक निरांजन, आणि जो जो उरला आहे त्याला ओवाळणं. ओवाळणी म्हणून पेन, जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच, टाचणवही. जिन्याच्या चौकात रांगोळी काढलेली होती आणि येणारा-जाणारा तिला वळसा घालून चपला काढत होता.

या सणाला शिक्षणाशी जोडायची युक्ती पुण्यानेच शोधली आहे. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि मुलींच्या शिक्षणासाठी पायपीट करून वर्गणी जमवत. १८९६मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला गेला. या संस्थेचा भाऊबीज निधी कित्येक पिढ्या चालत आलेला आहे. संस्थेच्या वतीने बहीण दारात येते आणि समाजाकडे, भाऊ म्हणून, ओवाळणी मागते. ओवाळणी मुलींच्या शिक्षणाला जाते आणि हातात पावती मिळते. ज्यांच्याशी रक्ताचं नातं नाही त्यांच्यावरही सणाची जबाबदारी असते, ही गोष्ट या पावतीने घराघरांत पोचवली. एका घराच्या सणातून सार्वजनिक काम कसं उभं करावं, याचं याहून नेटकं उदाहरण मला माहीत नाही.

परतीचे डबे

भाऊबीज झाली की वाहतूक उलटी फिरते. पहाटे वाकडेवाडीला उतरलेली पोरं रिक्षाने पेठांत येतात आणि या वेळी बॅगा डब्यांनी जड असतात. मग खोल्याखोल्यांतून जे सुरू होतं ती विद्यार्थ्यांची स्वतःची दिवाळी. वर्तमानपत्र पसरायचं आणि सगळे डबे उघडायचे. कुणाची भाजणीची चकली, कुणाचं कडबोळं, कुणाच्या आजीने जाळी पाडून तळलेले अनारसे, कुणाची सांजोरी, कुणाचे पाकातले चिरोटे, सोलापूरकराच्या डब्यात फराळासोबत शेंगांची चटणी. चिवडाच बघा. कुठे पातळ पोह्यांचा, कुठे भाजक्या पोह्यांचा, कुठे चुरमुऱ्यांचा. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांची इतकी चांगली ओळख दुसरीकडे कुठे होईल, असं वाटत नाही. जे घरी गेले नव्हते त्यांचा हात पहिल्यांदा डब्यात जातो, हा इथला न सांगता पाळला जाणारा नियम. गेल्या वर्षी पूरग्रस्त भागातल्या मुलांसाठी मित्रांच्या आयांनी मुद्दाम एकेक डबा जास्तीचा भरून दिला होता. तो कुणासाठी आहे, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

आप्पा बळवंत चौकातही याच सुमाराला पुन्हा जाग येते. दिवाळीत तिथल्या स्टॉलवर दिवाळी अंक दर्शनी जागेत असतात आणि परीक्षेची पुस्तकं मागे. भाऊबीजेनंतर दोन दिवसांत मांडणी बदलते. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तेव्हापासून सुट्टी आणि वाचन यांचं नातं मराठी माणसाच्या अंगवळणी पडलं आहे. अभ्यासिकेतली पोरंही अंक घेतात, बहुतेक वेळा चौघांत मिळून एक.

चार दिवसांची सोय

सुट्टीतलं हे गाव पाहून माझं मत पक्कं झालं आहे. दिवाळीत पुण्यात कार्यक्रमांची कमी नाही. गाणं आहे, दिवे आहेत, किल्ले आहेत, फराळही भरपूर आहे. कमी आहे ती एका साध्या माहितीची : आपल्या गल्लीत कोण उरलं आहे? ही माहिती जिथे कुणीतरी विचारून घेतली, तिथे पुढचं सगळं आपोआप झालं. दोन मेसवाल्या मावश्यांनी विचारली. किल्ला करणाऱ्या पोरांनी विचारली. बाकी ठिकाणी विद्यार्थी गेले असतील असं मानून दारं लागली.

यासाठी मोठी योजना नको. प्रत्येक गल्लीतल्या मेसचालकांनी दिवस वाटून घ्यावेत, म्हणजे रोज एक तरी चूल पेटेल आणि काम करणाऱ्या बायकांची सुट्टीही शाबूत राहील. पेठेतल्या गणेश मंडळांकडे पातेली आहेत, शेगड्या आहेत, वाढणारे हात आहेत. भाद्रपदात ते हजारोंना महाप्रसाद वाढतात, त्यांनी लक्ष्मीपूजनाची एक रात्र उचलावी. वसतिगृहं बंद ठेवायचीच असतील तर दोन-तीन कॉलेजांनी मिळून एक वसतिगृह आणि त्याची मेस चालू ठेवावी. दिवाळी पहाटेच्या आयोजकांनी प्रवेशिकांचा एक गठ्ठा अभ्यासिकांत पोचवावा आणि त्यावर राखीव रांगेचे आकडे घालावेत.

आणि तुम्ही, हा अंक हातात घेतलेले वाचक. पुण्यातच नव्हे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूर, नाशिक, जिथे जिथे पोरं शिकायला येऊन राहतात तिथे तुमच्या जिन्यावर, तुमच्या सोसायटीत, तुमच्या वाड्याच्या माडीवर कुणीतरी असेल. वसुबारसेच्या दिवशी एकदा वर जाऊन विचारा, की कोण थांबलं आहे. नाव विचारा. कंदील टांगायला हाताशी घ्या आणि पहिल्या अंघोळीच्या फराळाला ताट वाढा. उटण्याचं एक पाकीट त्या दारालाही अडकवा.